पाठीवर झाडाफुलांचा टॅटू काढायचाय? मग बुकिंगच्या आधी एवढं बघून घ्या

सगळ्यात आधी झाड ठरवा, डिझाइन नंतर. नेटवर शोधलं की तेच पिओनी, तेच लॅव्हेंडर, तीच निलगिरीची पानं येतात, त्यात वाईट काही नाही, पण पाठ म्हणजे अंगावरची सगळ्यात मोठी सलग जागा आहे आणि तिथे जे झाड येणार ते मुळात वाढतं कसं हे बघितलं की कुठे काढायचं, केवढं काढायचं हे बरंचसं आपोआपच ठरतं. बहावा लोंबतो, त्याचा घोस फूट-दीड फूट लांब असतो, म्हणजे मानेखालून मणक्यावरून सरळ खाली सोडला तर खऱ्या मापात सुद्धा बसेल. कळलावी चढते, तिच्या पानांची टोकंच गुंडाळी होऊन आधार पकडतात, ती कमरेच्या एका बाजूने निघून तिरकी वर खांद्याच्या फऱ्यापर्यंत नेली की छान वळण येतं. पळस घ्यायचा तर आडवी फांदी, एका खांद्याकडून दुसऱ्याकडे. आणि आता उलट करून बघा, बहावा खालून वर उभा केला तर झाडं ओळखणारा कुणीही हसेल.

झाड ठरलं की त्याचे फोटो स्वतः काढा, शक्यतो सीझनमध्ये. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये, ताम्हण आणि बहावा उन्हाळ्यात, कळलावी पावसाळ्यात. फक्त फुलाचा समोरून क्लोजअप नको, कळी, फुलाची मागची बाजू, देठ फांदीला कुठे चिकटतो, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे सगळं हवं कारण आर्टिस्टला नेमकं तेच माहीत नसतं आणि मग तो अंदाजाने काहीतरी जोडतो. पळसाला पाने तीनच हे आपण उठताबसता म्हणतो पण पाच पानांचा पळस गोंदवून आलेली माणसं आहेत! शिवाय पळस भरात असतो तेव्हा फांद्या जवळपास निष्पर्ण असतात, त्यामुळे हिरवीगार पानं आणि लालभडक फुलं एकाच फांदीवर दाटीने दाखवायची का हे पण ठरवा. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, सहसा सहा पाकळ्या, त्याही इस्त्री न केल्यासारख्या चुरगळलेल्या, ती चुरगळ गेली की ते कुठलंही जांभळं फूल होतं. आणि हो, एआयने बनवलेलं चित्र रेफरन्स म्हणून घेऊन जात असाल तर एकदा पाकळ्या मोजा, पानं नीट बघा, बऱ्याचदा फूल एका झाडाचं आणि पान भलत्याच झाडाचं निघतं.

जुनी चित्रं आवडत असतील तर 'हॉर्टस मलाबारिकस' हा मलबारच्या झाडांवरचा जुना सचित्र ग्रंथ नक्की बघा, 1678 ते 1693 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला छापलेले बारा खंड, स्कॅन फुकट बघायला मिळतात आणि त्यात बहावा, पळस, कळलावी सगळं आहे. ती चित्रं रेषांची आहेत, रंगाची नाहीत, त्यामुळे काळ्या शाईच्या टॅटूला एकदम चपखल बसतात. मला विचाराल तर पिंटरेस्टवर तीन रात्री घालवण्यापेक्षा हे बरं.

आता रंग. इथे सगळ्यात जास्त निराशा होते म्हणून जरा सविस्तर सांगते. शाई त्वचेच्या वरच्या थराखाली जाते, म्हणजे आपण ती कायम आपल्या रंगाच्या थरातूनच बघतो, त्यामुळे गव्हाळ किंवा सावळ्या पाठीवर पिवळा, फिका गुलाबी, पांढरा हे रंग स्क्रीनवर दिसतात तसे कधीच उठत नाहीत. म्हणजे बहाव्याचा जो जीव आहे तो पिवळाच फिका पडणार. म्हणून बहावा काळ्या डॉटवर्कमध्ये, म्हणजे बारीक ठिपक्यांनी करा, रंगच हवा असेल तर गडद लाल, गडद हिरवा अशांकडे जा, पळस आणि कळलावी इथे बाजी मारतात. शंका असेल तर आधी छोटीशी कलर टेस्ट मागा आणि ती पूर्ण बरी झाल्यावरच ठरवा. पुढे कधी लेझरने काढायची वेळ आली तर काळा तुलनेने सहज जातो, पिवळा-हिरवा फार त्रास देतात, हे पण डोक्यात असू द्या.

फाइन लाइनचं, म्हणजे अगदी बारीक रेषांच्या टॅटूचं फॅड आहे सध्या. सुंदर दिसतं, मान्य, पण रेषा वर्षांनुवर्षं थोड्या पसरतातच, म्हणून पानांच्या शिरा अगदी खेटून काढल्या तर पुढे तिथे राखाडी डाग होतो. मोठं काढा, मधे मोकळी त्वचा सोडा. पाठीवर जागेची कंजुषी कशाला?

मग आरशासमोर उभं राहा, नाहीतर कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा, हात खाली सोडून एक, वर करून एक, थोडं वाकून एक. फरे केवढे सरकतात ते बघा, बारीक फूल नेमकं तिथे आलं तर हात उचलला की वाकडं होणार. बहुतेकांचे खांदे पण एका पातळीत नसतात आणि मणका शंभर टक्के सरळ नसतो, त्यामुळे अगदी सिमेट्रिक डिझाइन उलट वाकडेपणा दाखवून देतं, वेल तो लपवते. स्टेन्सिल, म्हणजे गोंदण्याआधी त्वचेवर उमटवतात तो डिझाइनचा ठसा, लावताना ताठ अटेन्शनमध्ये नाही, नेहमीसारखं उभं राहायचं, आणि पटलं नाही तर पुसून परत लावायला सांगायचं, लाजायचं नाही.

बायकांसाठी एक खास. आवडत्या ब्लाऊजचा फोटो घेऊन जा. मागचा गळा नेमका कुठे संपतो ते बघून डिझाइन वरखाली करा, नाहीतर प्रत्येक लग्नात अर्धं कापलेलं फूल मिरवायचं. टेलर टॅटूच्या मापाने गळा शिवेल, पण आधीच्या वीस ब्लाऊजांचं काय?

सैन्यात भरती व्हायचं असेल तर पाठ सोडा, कारण तिथे कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढीच चालते, सवलत आहे ती परंपरेने गोंदवणाऱ्या आदिवासी समाजांना. नियमित रक्तदान करत असाल तर टॅटूनंतर वर्षभर ते करता येत नाही, म्हणून आधी एकदा देऊन या. जखमेचे वण जाड होऊन वाढत असतील म्हणजे केलॉइड होत असेल, सोरायसिस किंवा कोड असेल, डायबेटिस असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर स्किनच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही, खांदे आणि पाठीचा वरचा भाग केलॉइडसाठी तसाही बदनाम आहे. पाठीवर तीळ असतील तर ते झाकू नका, पुढे त्यात काही बदल झाला तर दिसणार नाही, वेल त्यांना वळसा घालून जाऊ शकते.

आर्टिस्टकडे ताज्या टॅटूचे फोटो बघून भुलू नका, वर्ष-दोन वर्षं जुने, हील झालेले मागा, तेही तुमच्यासारख्या रंगाच्या पाठीवरचे. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे, शाई छोट्या कपात वेगळी ओतलेली, हातात नवे ग्लोव्हज. हिपॅटायटिस बी, सी हे काही गमतीचं नाही. भाव इंचावर आहे की सिटिंगवर, टचअप म्हणजे नंतर फिकी पडलेली जागा परत भरणं त्यात धरलंय का, हे बोलून घ्या.

तारीख शक्यतो थंडीतली घ्या. मे महिन्यातला घाम आणि जुलैतल्या धबधब्याच्या ट्रिपा दोन्ही नकोत, कारण वरची त्वचा भरायलाच दोन ते चार आठवडे जातात आणि तेवढे दिवस पोहणं, ऊन, घट्ट पट्ट्यांचे कपडे बंद. लोकलने जात असाल तर सॅक पाठीला न लावता पुढे धरायची, ती सवय तशीही असतेच. सैल सुती जुने कपडे काढून ठेवा, शाई आणि पाझर लागतो त्यामुळे चादरही जुनीच, पालथं झोपायची तयारी ठेवा. आणि मधल्या भागात आपला हात पोचत नाही, त्यामुळे रोज धुवून मलम कोण लावणार हे आधीच पक्कं करा, एकटे राहत असाल तर रूममेटला, शेजारच्या ताईला, कुणालातरी आत्ताच विचारून ठेवा, आणि कुणीच नसेल तर सरळ खांद्यावर आपला हात पोचेल एवढंच डिझाइन घ्या.