अपडेटनंतर डीव्हीडी ड्राइव्ह गायब: कोड ३९ वर मला लागू पडलेला उपाय

विंडोजचं मोठं अपडेट झालं आणि 'धिस पीसी'मधून डीव्हीडी ड्राइव्ह नाहीसा झाला. ट्रे उघडत होता, बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये) नावही दिसत होतं, म्हणजे ड्राइव्ह शाबूत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र त्यावर पिवळा त्रिकोण आणि कोड ३९, म्हणजे ड्रायव्हर लोड होत नसल्याची खूण. (बायोसमध्येच दिसत नसेल तर आधी केबल तपासा, पुढचा उपाय त्यासाठी नाही.)

ड्रायव्हर अपडेट केला, अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं, काहीच फरक नाही. अक्षरशः वैताग आला.

दोष रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात होता. डिस्क बर्न करणारी सॉफ्टवेअर्स तिथे आपले फिल्टर (ड्राइव्हच्या ड्रायव्हरला जोडून चालणारे जादा ड्रायव्हर) नोंदवतात. त्या फिल्टरची फाइल सापडली नाही, की ड्राइव्ह सुरूच होत नाही.

ॲडमिन खात्यातून विंडोज की आणि आर दाबून 'रेजेडिट' (regedit) टाइप करा आणि एंटर दाबा. 'एचकी लोकल मशीन', 'सिस्टम', 'करंटकंट्रोलसेट', 'कंट्रोल', 'क्लास' असं आत जा. तिथे महिरपी कंसात ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी की (रजिस्ट्रीतला फोल्डर) निवडा. आसपासच्या कीज अगदी सारख्या दिसतात, म्हणून उजवीकडे 'क्लास'समोर 'सीडीरॉम' आहे ना, हे बघाच. आता फाइल मेनूतून ती की एक्स्पोर्ट करून ठेवा; ही पायरी गाळू नका. मग उजवीकडचे 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' डिलीट करा. एकच असेल तर तेवढंच. नावाच्या शेवटी 'डॉट बॅक' (.bak) असलेल्या नोंदींना हात लावू नका. रीस्टार्ट करा.

माझा ड्राइव्ह लगेच परत दिसला. बर्निंगचं सॉफ्टवेअर मात्र पुन्हा इन्स्टॉल करावं लागलं.