फ्रेमवर्कचा परवाना बदलला तर काय करावे

लातूरच्या आडत बाजारासाठी हिशेबपट्टीचे किंवा नांदेडच्या पतसंस्थेसाठी ठेवींचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या चार-पाच जणांच्या कंपनीला आपण वापरत असलेल्या फ्रेमवर्कचा (तयार कोडच्या सांगाड्याचा) परवाना बदलल्याची बातमी बहुधा उशिरा कळते आणि सगळे नव्याने लिहावे लागणार, अशी धास्ती बसते. निर्णय घेण्यापूर्वी आपण नेमकी कोणती आवृत्ती वापरतो, ते पाहावे.

अक्का या फ्रेमवर्कने सप्टेंबर २०२२ मध्ये अपाची २.० हा खुला परवाना सोडून बिझनेस सोर्स हा, व्यावसायिक वापरासाठी शुल्क मागू शकणारा, परवाना स्वीकारला. मात्र तो २.७ आवृत्तीपासून लागू झाला. २.६ जुन्या परवान्याखालीच राहिली आणि ती वापरण्याचा हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही. म्हणून ग्रेडल या बिल्डच्या (कोडपासून चालते सॉफ्टवेअर तयार करण्याच्या) साधनाच्या फाइलमध्ये आवृत्तीच्या जागी ‘२.+’ अशी सैल नोंद असेल, तर ती आजच काढून पूर्ण आवृत्ती क्रमांक लिहावा, कारण अशा नोंदीमुळे पुढच्या बिल्डमध्ये नवी आवृत्ती आणि तिच्यासोबत नव्या अटी आपल्या नकळत येतात. दुसऱ्या लायब्ररीमार्फत आत आलेले घटकही तपासावेत. प्ले फ्रेमवर्क वापरणाऱ्या अनेकांच्या प्रकल्पात अक्का असेच आले होते.

त्यानंतर परवान्याचा मूळ मजकूर वाचावा, केवळ त्यावरच्या चर्चेवर विसंबू नये. अक्काने वार्षिक उत्पन्न अडीच कोटी डॉलरपेक्षा कमी असलेल्या कंपन्यांना शुल्क माफ ठेवले होते आणि प्रत्येक आवृत्ती तीन वर्षांनी अपाची परवान्याखाली येईल, असेही म्हटले होते. आपली कंपनी या मर्यादेत सहज बसेल; पण सॉफ्टवेअर एखाद्या मोठ्या साखर कारखान्याच्या सर्व्हरवर बसवून दिले असेल, तर उत्पन्न कोणाचे धरायचे, हे वकिलाकडून लेखी घ्यावे.

खुल्या परवान्यावर विश्वासून ज्यांनी अशा प्रकल्पांना कोड दिला, त्यांचा परवाना बदलल्याबद्दलचा संताप मला पूर्णपणे रास्त वाटतो. तरीही स्थलांतराचे खरे कारण सुरक्षा दुरुस्त्या हे असावे, कारण जुनी आवृत्ती कायदेशीर राहिली तरी तिच्या दुरुस्त्या कधीतरी थांबतात. अशा वेळी मूळ कोडवरून इतरांनी स्वतंत्रपणे चालवलेली शाखा (फोर्क) पाहावी: अक्का २.६ वरून अपाची पेक्को, असाच परवाना बदललेल्या टेराफॉर्म या सर्व्हर उभारणीच्या साधनावरून २०२३ मध्ये ओपनटोफू, रेडिस या डेटा साठवण्याच्या साधनावरून २०२४ मध्ये वाल्की. या तिन्ही एकाच कंपनीच्या नव्हे, तर प्रतिष्ठानांच्या छत्राखाली आहेत, ही बाब मी सर्वांत मोलाची मानतो. पेक्कोकडे जाताना पॅकेजची आणि कॉन्फिगरेशनमधील नावे बदलावी लागतात. ते काम आपल्या कोडच्या वेगळ्या प्रतीवर (ब्रँचवर) करून सर्व चाचण्या चालवाव्यात.

ग्राहकाशी पुढचा करार करताना वापरलेल्या घटकांची आवृत्ती व परवान्यासह यादी जोडावी आणि परवाना बदलल्यास वाढीव खर्च कोणी सोसायचा, याचे कलम त्यातच घालावे.