वाफेच्या काळातील लहान स्टेशनाचा इतिहास कसा लिहावा

गावच्या स्टेशनाचा इतिहास लिहू पाहणारा बहुधा पहिली गाडी कधी आली, हे शोधू लागतो आणि तिथेच अडतो. त्याऐवजी सुरुवात पाण्यापासून करावी. वाफेच्या इंजिनाला वाटेत वारंवार पाणी घ्यावे लागे, म्हणून मार्गावरील काही स्टेशनांत विहीर, उंच टाकी आणि इंजिनात पाणी सोडणारा खांब असे. टाकीचे जोते आणि रुळांमधला राख पाडण्याचा खड्डा सापडला, तर इंजिन तिथे नुसते थांबत नव्हते, असे समजावे. जुने वेळापत्रक मिळाल्यास थांब्याची मिनिटे पाहावीत. शेजारच्या स्टेशनांत दोन मिनिटे थांबणारी गाडी इथेच दहा मिनिटे थांबत असेल, तर ती पाणी घेत असावी किंवा एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट देत असावी. समोरच्या गाडीची वेळ ताडून पाहिली, की कोणते कारण संभवते ते कळते.

रूळही बोलतात. रुळाच्या मधल्या उभ्या भागावर कारखान्याचे नाव आणि वर्ष उठावदार अक्षरांत असते. कुंपणाला रोवलेल्या गंजक्या तुकड्यावरची माती तारेच्या ब्रशने काढावी, वर पातळ कागद धरावा आणि पेन्सिल आडवी करून हलके घासावे, म्हणजे अक्षरे उमटतात. मात्र हे वर्ष रुळाचे आहे, स्टेशनाचे नव्हे; मुख्य मार्गावरचे झिजलेले रूळ काढून सायडिंगला, म्हणजे डबे उभे करण्याच्या बाजूच्या रुळांना, टाकण्याची रीत जुनीच आहे. (चालू मार्गावर हा उद्योग करू नये, हे वेगळे सांगायला नको.)

स्टेशनाच्या नावाकडे दुर्लक्ष करू नये. आजचे कुर्डुवाडी एके काळी ‘बार्शी रोड’, म्हणजे बार्शीच्या वाटेवरचे स्टेशन, होते. १८५९ मध्ये मोठी (ब्रॉडगेज) लाइन तिथवर आली, पण बार्शी शहर तिथून सुमारे ३४ किलोमीटर दूर राहिले. ही उणीव १८९७ मध्ये रुळांत ७६२ मिलिमीटर अंतर असलेल्या बार्शी लाइट रेल्वेने भरून काढली. हीच छोटी लाइन १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. त्यामुळे या मार्गावरच्या स्टेशनाची तारीख लिहिताना कोणता टप्पा, हे आधी ठरवावे. १८९७ हे वर्ष सगळ्याच स्टेशनांना चिकटवणे ही नेहमीची चूक आहे. टप्पे उघडल्याच्या तारखा रेल्वेच्या वार्षिक अहवालांत मिळतात, परंतु मालवाहतूक आणि प्रवासी वाहतूक यांच्या तारखा वेगळ्या असू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोलाची माणसे म्हणजे निवृत्त गँगमन (रुळांची देखभाल करणारे), पॉइंट्समन (गाडीसाठी रुळांचे सांधे बदलणारे) आणि स्टेशनबाहेर चहा विकणारे. त्यांना सन विचारू नये. ‘बहात्तरच्या दुष्काळात टाकीला पाणी कुठून आणत होता?’ किंवा ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा सिग्नलचा कंदील लावायला कोण जायचे?’ असे विचारावे. दुष्काळ १९७२ चा आणि भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, म्हणजे आठवणीला आपोआप वर्ष मिळते. घरात जपलेल्या पुठ्ठ्याच्या तिकिटावर भाडे आण्यांत छापलेले असेल, तर त्याची छपाई १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीची धरायला हरकत नाही. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत, तर एक खोडून दुसरी ठेवू नये. दोन्ही लिहाव्यात आणि प्रत्येकीपुढे सांगणाऱ्याचे काम व तो त्या स्टेशनात किती वर्षे होता, हे नोंदवावे.