धुरा जाळताना पंप असून पाणी नाही? या चुका टाळा

फाल्गुन लागला की आमच्याकडे धुरे, म्हणजे वावराच्या बांधावरचं वाळलं गवत, जाळणं सुरू, अन दरवर्षी कोणाचं तरी कुटार (जनावरांचा सुका चारा) नाहीतर ठिबकच्या नळ्या जातातच. पंप असतो हो जवळ, कामाचा नसतो. मागच्या साली मीच फसलो. दुकानदार म्हणे पाच एचपीचा, दोन इंची, पेट्रोलवाला न्या भाऊ, मिनिटाले 500 लिटर फेकते. नेला. 200 लिटरच्या ड्रमवर लावला तर अर्ध्या मिनिटात ड्रम ठणठणीत अन आग शेजारच्या वावरात, मग सगळे पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन झोडपत बसलो.

तर एचपी पाहून पंप घेऊ नका, आधी आपल्याजवळ पाणी किती ते पाहा. ड्रमच न्यायचा असेल तर संत्र्यावर फवारणीसाठी वापरतो तो एचटीपी (जास्त प्रेशरचा फवारणी पंप) बरा, मिनिटाला 30 लिटर धरलं तरी तोच ड्रम साडेसहा मिनिटं पुरतो आणि प्रेशर असल्यानं धार लांब जाते. फक्त त्याचा रिटर्न पाईप (जास्तीचं पाणी परत सोडणारा) ड्रमातच सोडा, बाहेर राहिला की उरलेलं पाणी मातीत जाते अन आपण म्हणतो ड्रम गळते. अन नाल्याचं पाणी भरलं असेल तर जाळी आधी काढून पाहा, शेवाळानं हमखास चोक होते.

मोठा पंप वाईट नाही, शेततळ्यावर, टँकरवर तोच पाहिजे. पण तो विहिरीच्या काठावर ठेवून 35 फुटांवरचं पाणी ओढत नाही, कितीही एचपी असू द्या. सक्शन, म्हणजे पाण्यापासून पंपापर्यंतची उंची, 20-22 फुटांच्या आतच धरा. ओढत नसेल तर फूटव्हॉल (पाण्यातल्या पाईपच्या टोकाची झडप) गळते का, सक्शनच्या जोडात हवा घेते का ते पाहा, पाण्याशिवाय फिरवत बसले तर सील जळते.

विहिरीतल्या मोटरच्या भरवशावर तर काडी लावूच नका, लाईन कधी जाईल सांगता येते का? सोलरवाल्यांनो, संध्याकाळी तुमचाही पंप झोपते.

आणखी एक, पंप चालू करून नोझलची धार पाहायची, धुऱ्याच्या दोन्ही बाजूची पट्टी ओली करायची, मग काडी. आपण उलटं करतो, आग लागल्यावर चोक ओढत बसतो, त्यात वर्षभराचं शिळं पेट्रोल. दुपारी वावटळ उठते तेव्हा तर नकोच. जंगलाला लागून वावर असेल तर 15 फेब्रुवारी ते 15 जून वणव्याचा हंगाम धरतात, तिथं पंप कितीही भारी असो, जाळूच नका, गवत कापून घ्या. (खरं तर पऱ्हाटीही (कापसाची वाळली झाडं) रोटाव्हेटरनं कुटी केलेली बरी, पण ऐकते कोण.)

लपेटा पाईप (गुंडाळता येणारा चपटा पाईप) निखाऱ्यावरून ओढला की गेला. शेवटी पाठीवरचा 16 लिटरचा पंप घेऊन बाभळीची खुंटं भिजवा, वरून राख दिसते अन आत रात्रभर धुमसत राहते. तो पंप तणनाशकाचा असेल तर आधी चांगला धुवा, नाहीतर धुऱ्यावरची आग विझेल अन शेजारचा भाजीपाला वाळेल.