संग्रहालयातील जुनी वाहने आणि शेतीची अवजारे कशी जपावीत

जुना नांगर संग्रहालयात आला की तो घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह होतो; तो आवरावा. रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीच्या दांड्यावर, वर्षानुवर्षे एकाच जागी हात पडून आलेला गुळगुळीतपणा, एकाच बाजूने झिजलेला फाळ किंवा मोडलेल्या जागी ठोकलेली पत्र्याची पट्टी यांवरून तो कोणी, कसा वापरला हे कळते, आणि पॉलिश कागद फिरला की या खुणा जातात. म्हणून कशालाही हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, मापे घ्यावीत आणि देणाऱ्याकडून वापराची माहिती लिहून घ्यावी. क्रमांक थेट लाकडावर वा लोखंडावर न लिहिता पॅरालॉइड बी-७२ या राळेच्या पातळ थरावर लिहावा, म्हणजे पुढे ॲसिटोन या द्रावकाने तो काढता येतो.

धूळ मऊ ब्रशने काढावी. लोखंडावरचा घट्ट बसलेला काळपट-तपकिरी थर राहू द्यावा. मात्र वस्तूखाली नारिंगी भुकटी पडत असेल तर गंज अजून चालू आहे असे समजावे आणि आधी हवेतील दमटपणा पाहावा. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर लोखंड आणि लाकूड दोन्हींना ते सोसते. सुटा गंज काढून, लोखंड पूर्ण कोरडे करून त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या, सूक्ष्म स्फटिकांच्या मेणाचा) पातळ हात द्यावा. लाकडाला जवसाचे तेल चोपडण्याची सवय जुनी आहे, पण ते कालांतराने काळे पडते, चिकट होते आणि धूळ धरते.

गाडीच्या चाकाकडे विशेष लक्ष द्यावे. कोरड्या हवेत तुंबा (चाकाचा मधला लाकडी गड्डा), आरे आणि पुठ्ठे (कडेचे वक्र लाकडी तुकडे) आकसले की लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीची पट्टी, सैल होते. वापरातले चाक अशा वेळी पाण्यात भिजवत असत. संग्रहालयात हा उपाय करू नये, कारण धावेच्या आत फुगलेले लाकूड दाबले जाते आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षा अधिक आकसते. त्याऐवजी आसाखाली टेकू देऊन चाकावरचा भार काढावा. लाकडातील बारीक छिद्रांतून ताजा भुसा पडत असेल तर ती वस्तू इतरांपासून वेगळी करावी. लहान अवजार प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवल्यास कीड मरते.

ट्रॅक्टर वा मोटार असल्यास बॅटरी काढून टाकावी, इंधन पूर्ण उपसावे आणि टायरांवर वजन राहू नये म्हणून गाडी स्टँडवर उचलावी. जुन्या ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे हवेचा झोत मारणे किंवा रंग कोरडा घासणे टाळावे. नियमित देखभाल करणारा जाणकार नसेल तर इंजिन चालू करण्याच्या भानगडीत पडूच नये.

पाहणाऱ्यांना ट्रॅक्टरवर बसावेसे वाटणारच. त्यासाठी संग्रहाच्या नोंदवहीत न घेतलेले एखादे दुय्यम यंत्र, धारदार आणि सुटे भाग काढून, वेगळे ठेवावे.