एफएफएमपेगने कापलेल्या तुकड्यात शेजारच्या शॉटच्या फ्रेम येत होत्या, त्यावरचा उपाय

आठ मिलिमीटर फिल्मच्या एच.२६४ (कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओचा एक प्रकार) स्कॅनमधून एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या व्हिडिओ-साधनाने शॉटवार तुकडे कापत होतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला आधीच्या शॉटच्या काही फ्रेम यायच्या आणि डीनॉइज केल्यावर (चित्रातले दाणे कमी केल्यावर) त्यांची सावली पुढच्या चित्रावर पसरायची.

‘एसएस’ या, कुठून कापायचे ते सांगणाऱ्या पर्यायाची वेळ मिलिसेकंदापर्यंत दिली, फरक नाही. ‘एसएस’ इनपुटनंतर टाकले, तर सुरुवातीच्या फ्रेमच गळाल्या. तीन रात्री वाया गेल्या.

मूळ ‘कॉपी’ या पर्यायात होते: री-एन्कोड न करता, म्हणजे आहे तोच व्हिडिओ डेटा उचलून कापले, की तुकडा कीफ्रेमवरच (स्वतंत्रपणे पूर्ण साठवलेल्या फ्रेमवरच) सुरू होतो.

आधी संपूर्ण रीळ एमकेव्ही फाइलमध्ये एफएफव्ही१ या कोडेकमध्ये करून घ्या. ते लॉसलेस आहे, म्हणजे चित्राचा दर्जा घटत नाही. जागा भरपूर खाते, पण इथे कंजुषी नको. मग शॉटचे फ्रेम क्रमांक ०पासून मोजून टिपा. ‘ट्रिम’ फिल्टरला उदाहरणार्थ स्टार्ट-फ्रेम १२००, एंड-फ्रेम १५०० द्या, लगेच पुढे ‘सेटपीटीएस’ने वेळ शून्यावर आणा आणि आउटपुट पुन्हा एफएफव्ही१ ठेवा, ‘कॉपी’ नको.

एंड-फ्रेम तुकड्यात धरली जात नाही: शेवटची फ्रेम १४९९. एव्हीसिंथ या दुसऱ्या व्हिडिओ-साधनाच्या ट्रिममध्ये मात्र शेवटचा आकडा धरला जातो, तिथून आलेल्यांनी हे नीट बघावे. डीनॉइज यानंतरच, एकेका तुकड्यावर.