पीएसटी फाइली सांभाळताना या चुका टाळा

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील कार्यालयात कोटेशन, खरेदी आदेश आणि ड्रॉइंग यांचा बहुतेक व्यवहार ईमेलनेच होतो. मेलबॉक्स भरला की जुने मेल आउटलुक या मायक्रोसॉफ्टच्या ईमेल प्रोग्रामच्या पीएसटी फाइलमध्ये हलवले जातात. हलवलेले मेल सर्व्हरवरून जातात आणि ती फाइल हीच त्या व्यवहाराची एकमेव प्रत उरते, म्हणून तिची काळजी हिशेबाच्या वह्यांइतकीच घ्यायला हवी.

माझ्या मते सर्वांत घातक चूक म्हणजे ही फाइल सामाईक सर्व्हरवर ठेवून तेथूनच उघडणे. आउटलुक चालू असताना तिच्यात सतत बारीकसारीक नोंदी लिहिल्या जातात, आणि नेटवर्क क्षणभर तुटले तरी अर्धवट राहिलेल्या नोंदीमुळे फाइलची रचना बिघडू शकते. नागपुरात जूनच्या वादळात वीज गेली, संगणक यूपीएसवर चालू राहिला, पण नेटवर्कचा स्विच बंद पडला, तर नेमके हेच घडते. मायक्रोसॉफ्टनेही अशा वापराविरुद्ध स्पष्ट सूचना दिली आहे. फाइल संगणकाच्याच डिस्कवर ठेवावी आणि आउटलुक बंद करून तिची प्रत सर्व्हरवर घ्यावी.

एकच फाइल वर्षानुवर्षे फुगू देणे ही दुसरी चूक. आउटलुक 2002 पर्यंतच्या फाइलची मर्यादा 2 जीबी होती. 2003 व 2007 मध्ये ती 20 जीबी आणि 2010 पासून 50 जीबी झाली. मर्यादा गाठेपर्यंत थांबू नये, कारण मोठी फाइल बिघडली की दुरुस्तीला फार वेळ लागतो. एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षानुसार वेगळी फाइल करणे सोयीचे. मेल पुसल्याने फाइलचा आकार लगेच घटत नाही. त्यासाठी अकाउंट सेटिंग्जमधील डेटा फाइल्समध्ये जाऊन ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ वापरावे लागते.

ओएसटी फाइलला, म्हणजे सर्व्हरवरील मेलबॉक्सची आउटलुक संगणकावर ठेवते त्या प्रतीला, बॅकअप समजू नये, कारण सर्व्हरवर पुसलेला मेल पुढच्या सिंकमध्ये तिच्यातूनही जातो.

फाइल उघडत नसेल, तर आउटलुक बंद करून आधी तिची प्रत घ्यावी, मगच स्कॅनपीएसटी हे आउटलुकचे फाइल-दुरुस्तीचे साधन चालवावे, आणि त्रुटी दाखवणे थांबेपर्यंत ते पुन्हा चालवावे. जुने मेल पुसण्यापूर्वी लेखापालांना विचारावे. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावी लागतात.